बोतीनला जेवायला जावं का? पाच माणसं, एक भट्टी आणि माद्रिदचं तीनशे वर्षांचं हॉटेल

प्रकरण तसं साधं आहे. माद्रिदमध्ये दुपारचं एक जेवण, माणसं पाच, आणि हॉटेल म्हणजे सोब्रिनो दे बोतीन, ज्याला गिनेसवाल्यांनी 1987 साली जगातलं सर्वात जुनं रेस्टॉरंट म्हणून मान्यता दिली ते. पाचातल्या दोघांना जायचंच होतं, एकाला अजिबात जायचं नव्हतं आणि उरलेल्या दोघांना कुठंही चाललं असतं, फक्त वेळेवर ताटात काहीतरी पडलं पाहिजे. युरोपला निघालेले मित्र हल्ली हाच प्रश्न विचारतात, की एवढं नाव आहे तर जावं का, का नुसता टुरिस्टांना लुटायचा धंदा आहे? म्हणून हे एकदा नीट लिहून टाकतोय, आमच्या टेबलाचाच हिशोब धरून.

माणसं अशी. मी आणि बायको. बायकोची मावशी, साताऱ्याची, पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. मावशीचे यजमान म्हणजे आमचे काका, मटण आवडीने खाणार पण डुकराचं नाव काढायचं नाही, शिवाय शुगरची गोळी चालू त्यामुळे दीडच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. आणि त्यांचा मुलगा, जो नोकरीसाठी माद्रिदलाच राहतो आणि सगळं खातो. विरोध होता तो याचाच. "दाजी, तिथं माद्रिदचं कोणी फिरकत नाही, सगळे अमेरिकन, त्याच पैशात मी तुम्हाला दोनदा जेवायला घालतो."

पैशाचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. स्पेनमध्ये मेनू देल दिया नावाची फार चांगली सोय आहे, दुपारी ठरलेल्या दरात पहिलं वाढप, दुसरं वाढप, पाव, प्यायला काहीतरी आणि शेवटी गोड किंवा कॉफी, ऑफिसातली माणसं रोज हेच जेवतात, आणि बोतीनच्या एका भाजलेल्या डुकराच्या पिल्लाच्या डिशच्या पैशात कोपऱ्यावरच्या बारमध्ये दोन माणसांचं असं जेवण आरामात होतं. पण "माद्रिदचं कोणी जात नाही" हे जे वाक्य आहे ना, ते प्रत्येक शहरातली स्थानिक पोरं आपल्या गावच्या प्रत्येक जुन्या हॉटेलाबद्दल बोलतात, त्यामुळे ते मी तपासल्याशिवाय घेत नाही.

तर आधी हे हॉटेल नेमकं आहे काय ते बघू. प्लाझा मायोर या माद्रिदच्या जुन्या मुख्य चौकाच्या नैऋत्य कोपऱ्यातून आर्को दे कुचिलेरोस नावाच्या कमानीखालून पायऱ्या उतरल्या की कुचिलेरोस गल्ली लागते, पूर्वी इथं सुऱ्या-चाकू करणाऱ्यांची वस्ती, आणि या गल्लीत 17 नंबरला बोतीन. इमारत हॉटेलापेक्षा जुनी. 1561 मध्ये स्पेनचा राजा फेलिपे दुसरा याने दरबार माद्रिदला हलवला तेव्हा राजाच्या लोकांना राहायला जागा कुठून आणायची हा प्रश्न आला, मग नियम काढला की ज्याचं घर एका मजल्यापेक्षा मोठं आहे त्याने दरबारातल्या माणसाला घरात जागा द्यायची, नाहीतर सवलतीसाठी पैसे भरायचे. या घराच्या मालकाने अशी सवलत मागितल्याची नोंद 1590 ची आहे आणि त्यावरूनच इमारतीचं वय सांगतात. म्हणजे सर्वात जुना कागद कुठला, तर टॅक्समधून सुटायचा अर्ज. हे वाचून काका एकदम खुलले, कारण आयुष्य महसूल खात्यात गेलेलं.

हॉटेलाची गोष्ट 1725 पासून. झां बोतीन नावाचा फ्रेंच आचारी आणि त्याची उत्तर स्पेनमधल्या अस्तुरियासची बायको माद्रिदला आली, आणि बायकोचा भाचा कांदिदो रेमीस याने कुचिलेरोसमध्ये खाणावळवजा धर्मशाळा टाकली, पोसादा म्हणतात तसली. म्हणून नाव सोब्रिनो दे बोतीन, बोतीनचा भाचा. खालच्या मजल्यावर भट्टी बांधली ती याच वेळची. पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते ती ही की त्या काळी अशा पोसादांना जेवण विकायची परवानगीच नव्हती, मांस विकायचं खाटकाने, दारू विकायची दारूवाल्याने, आणि पोसादावाल्याने विकलं तर तो दुसऱ्याच्या धंद्यात घुसला असं धरत. प्रवासी आपला शिधा घेऊन यायचा आणि हे लोक फक्त शिजवून-भाजून द्यायचे. म्हणजे जगातलं सर्वात जुनं रेस्टॉरंट सुरुवातीला रेस्टॉरंट नव्हतंच, ती भाड्याने मिळणारी भट्टी होती!

आता यावर कोणी म्हणेल मग "सर्वात जुनं" कशाला म्हणायचं. बरोबर आहे. ऑस्ट्रियात साल्झबुर्गला सेंट पीटर मठाचं जे हॉटेल आहे ते तर 803 सालचा दाखला दाखवतं, पॅरिसचं तूर द्'आर्जां 1582 सांगतं. गिनेसचा हिशोब सलग चालू असण्याचा आहे, तिथंच, त्याच कामात. तरी माझं स्पष्ट मत आहे की त्या सर्टिफिकेटकडे बघून जेवायला जाऊ नये. ते काचेच्या खिडकीत लावलेलं असतं, बाहेर लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतात, अर्धे तर आत न जाताच परत जातात, आणि खरं सांगू का, त्या अर्ध्यांना जे हवं होतं ते मिळालेलं असतं.

तसंच गोयाचं. चित्रकार फ्रान्सिस्को गोया तरुणपणी इथं भांडी घासायला होता अशी गोष्ट हॉटेलवाले सांगतात, गोष्ट म्हणून ऐकायला छान. अमेरिकन लेखक हेमिंग्वेचं मात्र पक्कं आहे, तो इथं यायचा आणि 1926 च्या त्याच्या कादंबरीच्या शेवटी पात्रं बोतीनच्या वरच्या मजल्यावर बसून पिल्लू खातात आणि रिओहाची वाईन पितात. हेमिंग्वेने त्या काळच्या मालकाकडे पाएया, म्हणजे स्पॅनिश भाताचा पदार्थ, करायला शिकायचा हट्ट धरला आणि दोघांनी शेवटी ठरवलं की त्याने आपलं लिहीतच राहावं, हा घरचा किस्सा. हेमिंग्वेच्या नावाने माद्रिदमध्ये इतकी हॉटेलं जेवली आहेत की याच गल्लीत एकाने "हेमिंग्वे इथं कधीच जेवला नाही" अशी पाटी लावली होती. मला ती पाटी बोतीनच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त आवडते.

मग ऐतिहासिक म्हणण्यासारखं काय उरतं? माझ्या मते दोनच गोष्टी, कुटुंब आणि भट्टी, आणि त्यातही भट्टी आधी.

कुटुंब म्हणजे बोतीनचं नाही हां, तो वंश कधीच मागे पडला. विसाव्या शतकात हॉटेल गोन्सालेस कुटुंबाकडे आलं, एमिलिओ गोन्सालेस आणि त्यांच्या पत्नी आंपारो मार्तीन. तेव्हा गिऱ्हाईक बसायचं ते तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर, खालचं तळघर कोठार म्हणून वापरात, आणि वरच्या मजल्यांवर हे लोक स्वतः राहायचे. घर आणि धंदा एकाच जिन्यावर. मग 1936 ला यादवी युद्ध पेटलं, माद्रिदला वेढा पडला तो 1939 च्या मार्चपर्यंत. एमिलिओंनी बायको-मुलांना कास्तेयोनकडे सेगोर्बेला पाठवून दिलं आणि स्वतः हॉटेल सांभाळत इथंच राहिले, त्या काळात इथं सैनिकांसाठी जेवण चालायचं. युद्धानंतरची वर्षं स्पेनमध्ये उपासमारीची, त्यात पिल्लू भाजून खाणारं गिऱ्हाईक कुठून येणार. तिथून अंतोनियो आणि होसे या मुलांनी हॉटेल वर काढलं, तळघर उघडलं, वरचे मजले जेवणासाठी घेतले, आणि आज जे चार मजली बोतीन दिसतं ते यांच्या हाताखालचं. आता त्यांच्या पुढची पिढी बघते.

हे वाचताना लक्षात येतं की या लोकांनी बदलायचं ते सगळं बदललंय. जागा वाढवली, परदेशी गिऱ्हाईक धरलं, ऑनलाईन बुकिंग घेतात, इंग्रजी मेनू आहे. बदलली नाही ती भट्टी आणि भट्टीतून निघणारे दोन पदार्थ. कोचिनियो असादो म्हणजे डुकराचं दूधपितं पिल्लू आणि कोर्देरो असादो म्हणजे कोवळं कोकरू. कुटुंबाचं हॉटेल असण्याचा फायदा मला इथं दिसतो. मोठ्या कंपनीने घेतलं असतं तर पहिल्या वर्षी कोणीतरी हिशोब मांडला असता की लाकडाची भट्टी काढून गॅसची बसवली तर तेवढ्याच वेळात दीडपट माल निघेल. आणि जुनी हॉटेलं कुटुंबाच्या हातातून जातातच हो. माद्रिदचंच लार्डी बघा, 1839 चं, कोसिदो म्हणजे चणे-मांसाच्या रश्शासाठी प्रसिद्ध, कोरोनात बसलं आणि 2021 मध्ये पेस्कादेरियास कोरुन्येसास या मासळीवाल्या ग्रुपने घेतलं. चालू आहे, चांगलं चालू आहे म्हणतात, पण मालक बदलला तो बदलला. त्याआधी 2014 च्या शेवटी जुन्या दुकानांच्या गोठवलेल्या भाड्यांची मुदत कायद्याने संपली तेव्हाही स्पेनभर कितीतरी पिढीजात दुकानांनी शटर ओढलं. या पार्श्वभूमीवर एकाच घराकडे शतकाच्या आसपास हॉटेल टिकणं ही साधी गोष्ट नाही.

आता भट्टी. दारातून आत गेलं की तळमजल्यावरच आहे, आणि जेवायला आलेल्याने विचारलं तर बघायला देतात. पुढून जुन्या टाईल्स, कमानीचं तोंड, आत एन्सिनाच्या लाकडाचा विस्तव. एन्सिना हे ओकचं सदाहरित झाड, जड, सावकाश जळणारं, धूर कमी. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवतात आणि सकाळी त्यावरच परत लाकूड घालतात, म्हणून "1725 पासून विस्तव विझला नाही" असं म्हणतात. हे अक्षरशः घ्यायचं का नाही ते तुमच्यावर, मला तेवढी गरज वाटत नाही. भट्टी थंड पडू द्यायची नाही यामागे काम आहे, एवढी जुनी विटांची भट्टी पूर्ण गार होऊन परत तापली की तडे जायची भीती. लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक शून्य होतं तेव्हाही ती तापती ठेवायला माणसं यायची असं हॉटेलवाल्यांनी सांगितलेलं आहे.

पिल्लू सेगोव्हियाकडचं, साधारण तीन आठवड्यांचं, आईच्या दुधाशिवाय दुसरं काही न खाल्लेलं. उभं चिरून उलगडतात, मातीच्या पसरट भांड्यात ठेवतात, खाली थोडं पाणी, पांढरी वाईन, तमालपत्र, कांदा, थाईम, वरून चरबी आणि मीठ. बस, मसाला म्हणावा असं काही नाही. आधी आतली बाजू वर, मग उलटवून कातडी वर, आणि अशी दोनेक तास किंवा जास्तच. भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने भांडी आतबाहेर करत असतो, कुठलं मागे सारायचं, कुठलं तोंडाशी ओढायचं, आणि शेवटी कातडी विस्तवाजवळ नेऊन फुगू न देता कडक करायची. कुठंही घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, डोळा आणि सवय. आम्ही बघत होतो तेव्हा त्याने एक भांडं अर्ध्यावर ओढलं, पिल्लाच्या पाठीवर एक फोड उठायला लागला होता, टोकदार सळईने तो टचकन फोडला आणि भांडं परत ढकललं, आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. काका तिथून हलेनात. "पाव्हणं, ह्ये काम शिकवून येत न्हाई," एवढंच म्हणाले.

बरं, हे सगळं पाहिल्यावर निर्णय काय करायचा? पोराचं म्हणणं होतं की जायचंच असेल तर माद्रिदच्या वेळेला जा, तीन वाजता किंवा रात्री दहाला, म्हणजे आसपास स्पॅनिश माणसं असतील. सल्ला शंभर टक्के बरोबर, स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनला आणि रात्रीचं नऊ-दहाच्या पुढे, आणि दुपारी एक व रात्री आठच्या पहिल्या पंगतीला जी गर्दी असते ती जवळपास सगळी परदेशी, कारण आपल्याला तेव्हा भूक लागते. पण काकांची शुगर तीन वाजेपर्यंत थांबणार नव्हती. मग एकचंच बुकिंग घेतलं, बऱ्याच दिवस आधी, कारण ऐनवेळी जागा मिळायची शक्यता कमी. टुरिस्टांच्यात बसावं लागेल हे कबूल करूनच गेलो, आपणही टुरिस्टच की, त्यात लाजायचं काय.

तळघर मागायचं का वरचा मजला, हा दुसरा प्रश्न. तळघर विटांच्या कमानींचं, थंड, सगळ्यात देखणं, आणि फोटोत येतं ते तेच. पण खाली जायचा जिना अरुंद आणि चढा, मावशीच्या गुडघ्यांना तो झेपला नसता. आम्ही वर बसलो, लाकडी तुळया, भिंतीला टाईल्स, खिडकीतून गल्ली. म्हातारी माणसं बरोबर असतील तर तळघराचा हट्ट करू नका, जेवण तेच आहे.

ऑर्डरीवर खरा खल झाला आणि मला वाटतं या प्रकरणाचा निकाल तिथंच लागतो. मेनू लांबलचक आहे, मासे आहेत, कालवं-शिंपल्यांचं सूप आहे, चिकन आहे, तितर आहे, आणि पाच माणसं असली की प्रत्येकजण वेगळं मागवायला बघतो. बायको हेक माशाकडे झुकली होती. मी म्हणलं थांब, मासा माद्रिदमध्ये शंभर ठिकाणी चांगला मिळेल, इथं ती भट्टी बघून आलो ना आत्ता, मग तिच्यातलं खा. बोतीनबद्दल जे वाईट रिव्ह्यू दिसतात ते जरा लक्ष देऊन वाचा, बरेचसे अशांचे असतात ज्यांनी भट्टी सोडून इकडचं तिकडचं मागवलं आणि मग एवढ्या पैशात हे काय म्हणून चिडले. तर आमच्यात ठरलं असं, एक कोचिनियो मी आणि मावसभाऊ मिळून, एक कोर्देरो काका आणि बायको मिळून, आधी बायकोला आणि मला सोपा दे आहो, म्हणजे लसूण-पावाचं सूप ज्यात अंडं सोडतात. अर्धं-अर्धं पुरतं, पोर्शन लहान नसतात.

उरली मावशी. शाकाहारी माणसाला कास्तियाच्या, म्हणजे माद्रिदच्या आसपासच्या मुलखातल्या, जुन्या हॉटेलात नेणं म्हणजे काय ते आधी समजून घ्या. तिथं हॅम, म्हणजे हामोन, याला पुष्कळ लोक मांसात धरतच नाहीत, तो चवीपुरता टाकायचा पदार्थ. मेनूवर मशरूम दिसले, फरसबी दिसली, की पुढं बारीक अक्षरात "कोन हामोन". लसणाचं सूपही शाकाहारी समजू नका, त्यात हॅमचे तुकडे किंवा मांसाचं पाणी असू शकतं. "सोय वेजेतारियाना" म्हणून सांगितलं तर समोरचा मान डोलावतो आणि ट्यूना घातलेलं सॅलड आणतो, हे स्पेनभर होतं, एका हॉटेलाचा दोष नाही. म्हणून एकेक वस्तूचं नाव घेऊन सांगायचं, नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी वेवो. हे काम मावसभावाने केलं, आणि वेटर, पांढरा कोट घातलेले वयस्क गृहस्थ, त्यांनी शांतपणे ऐकून स्वतःच सुचवलं की गास्पाचो घ्या, पांढरा ॲस्परॅगस मेयॉनेजशिवाय नुसत्या तेलावर देतो, आणि मशरूम हॅम न घालता वेगळे परतायला सांगतो. तिन्ही आलं. गास्पाचो म्हणजे टोमॅटो, काकडी, सिमला मिरची, लसूण, व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि पाव वाटून केलेलं गार सूप, मावशीने पहिला चमचा घेतला आणि म्हणाली, "जावईबापू, ह्याला फोडणी दिली असती तर काय बिघडलं असतं?" पण वाटी संपवली. पावही भरपूर खाल्ला.

कोचिनियो आला तो मातीच्या भांड्यातच, खाली त्याचाच पातळ रस, बाजूला बटाटे. कातडी सोनेरी-तपकिरी, चमच्याने टोचली तर काडकन मोडते, आणि खाली मांस इतकं मऊ की सुरी लागत नाही. चव मात्र आपल्या जिभेला पहिल्यांदा फिकी लागते हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. मिठाची चव, चरबीची चव, दुधाळ मांसाची चव, झालं. तिखट-मसाल्याची वाट बघत बसलात तर पैसे गेले. दोन-तीन घासांनंतर जीभ खाली उतरते आणि मग कळायला लागतं की कडेचा तुकडा वेगळा, बरगडीचा वेगळा, आणि कातडीच्या आतून चिकटलेला चरबीचा पापुद्रा सगळ्यात भारी. गोव्यातल्या ख्रिश्चन घरी सणावाराला भाजलेलं पिल्लू ज्यांनी खाल्लंय त्यांना जवळची ओळख लागेल, पण तिकडे पोटात मसाला भरतात, इथं काहीच नाही.

काकांच्या कोकराची गंमत वेगळी. डुक्कर चालत नाही तर कोकरू बिनधास्त, असं आम्ही धरून चाललो होतो, पण मावसभावाने तिथंच विचारून घेतलं की भाजताना वरून डुकराची चरबी लावता का, कारण कास्तियात काही ठिकाणी लावतात. असं काही पाळणाऱ्यांनी हा प्रश्न टेबलावर बसायच्या आधीच, बुकिंग करतानाच विचारावा हे बरं. उत्तर समाधानकारक मिळालं आणि काका पुढं सरसावले. मटणावर आयुष्य काढलेला माणूस, रस्सा नाही म्हणून कुरकुरेल असं वाटलं होतं, पण मांडीचा तुकडा हातात घेऊन हाड स्वच्छ होईपर्यंत काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की मटण असं नुसतं मिठावर खायचं तर जनावर चांगलंच लागतं, मसाल्यात लपवता येत नाही. अख्ख्या जेवणावरची सगळ्यात मुद्द्याची कॉमेंट हीच.

गोडाला मावशीपुढे परत अडचण. क्वाहादा नावाचा पदार्थ, मेंढीच्या दुधाचा, वरून मध, दिसायला थेट दही. मावशी खूश झाली होती पण ते विरजण लावून करत नाहीत, रेनेट म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने गोठवतात, आणि रेनेट पारंपरिक म्हणजे कोकराच्या पोटातलं. बार्तोलियो म्हणून माद्रिदचे तळलेले त्रिकोणी पदार्थ असतात, आत कस्टर्ड, एकोणिसाव्या शतकात बोतीनच्या दाराशी मिठाईचा काउंटर होता तेव्हापासून इथं यांचं नाव आहे, त्यात अंडं आलंच. शेवटी फळं घेतली. शाकाहारी माणसाने स्पॅनिश गोडाला एक प्रश्न कायम विचारावा, यात मांतेका आहे का, म्हणजे डुकराची चरबी, कारण पोल्व्होरोन, मांतेकादो ही नाताळची मिठाई तर त्याशिवाय होतच नाही.

आमचं उठायची वेळ आली तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि एक गोष्ट मात्र डोळ्यांनी दिसली. एकच्या पंगतीची परदेशी टेबलं एकेक करून रिकामी होत होती आणि त्यांच्या जागी स्पॅनिश कुटुंबं येत होती, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, एका टेबलावर कोणाचातरी वाढदिवस. मावसभावाचं "माद्रिदचं कोणी जात नाही" हे वाक्य त्यामुळे माझ्या हिशोबी अर्धं बाद. माद्रिदची माणसं येतात, रोज येत नाहीत, काहीतरी निमित्ताने येतात आणि त्यांच्या वेळेला येतात. त्याला हे दाखवलं तर म्हणाला, "दाजी, ते गावाकडून आले असतील." वाद संपवायचा नसतो काही लोकांना.

माझं मत विचाराल तर पाचातल्या चौघांसाठी बोतीन बरोबर ठरलं आणि मावशीसाठी नाही. तिची आबाळ झाली नाही, लोकांनी मनापासून केलं, पण या हॉटेलात जे बघण्या-खाण्यासारखं आहे ते सगळं भट्टीत, आणि भट्टीतलं एकही तिच्या ताटात येऊ शकत नव्हतं. तिला हॉटेल आवडलं, जेवण चाललं. अख्खा ग्रुप शाकाहारी असेल तर मी स्पष्ट सांगेन जाऊ नका, बाहेरून बघा, आणि दोन मिनिटांवर मेर्कादो दे सान मिगेल आहे, 1916 चं लोखंडी बांधणीचं मार्केट, तिथं फिरत ऑलिव्ह, चीज, तोर्तिया म्हणजे बटाट्याचं ऑम्लेट (अंडं खाणाऱ्यांसाठी) असं थोडं थोडं खा, तेही स्वस्त नाही पण प्रत्येकाला आपल्या मनासारखं मिळतं.

आणि ज्याला फक्त पिल्लू खायचंय, माद्रिदशी काही देणंघेणं नाही, त्याने खरं तर सेगोव्हिया गाठावं. माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनवरून फास्ट ट्रेनने अर्ध्या तासात, फक्त स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून बसने रोमन जलवाहिनीपाशी उतरायचं. तिच्या पायथ्याशीच मेसोन दे कांदिदो, हेही घरचंच हॉटेल, कांदिदो लोपेस यांनी नावारूपाला आणलेलं, आता त्यांची मुलं-नातवंडं चालवतात. तिथं पिल्लू सुरीने कापत नाहीत, ताटाच्या कडेने कापून दाखवतात, म्हणजे मांस किती मऊ आहे ते कळावं, आणि मग ते ताट जमिनीवर आपटून फोडतात. नाटक आहे, पण चांगलं नाटक. मावसभाऊ पुढच्या पाहुण्यांना तिकडेच नेणार म्हणतो. तिकडेही टुरिस्टच असतात, ते त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

बिलाचं राहिलं. पाव वेगळा लागू शकतो, स्पेनमध्ये तो फुकट धरायचा नाही. टीप बंधनकारक नाही, लोक सुटे ठेवतात किंवा थोडं जास्त, अमेरिकेसारखे टक्के मोजत बसायची गरज नाही. आम्ही जरा बरी ठेवली, मशरूमसाठी.